एक्वेंडेनीची तूर

म्झुझू शहर मागे टाकून एम-वन महामार्गाने उत्तरेला निघालं की पाइनची लागवड संपते आणि शेतं सुरू होतात. मलावीत पाऊस एप्रिलमध्ये आटोपतो. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका वाळून उभा असतो, नाहीतर कणसं खुडून झाल्यावरची नुसती धाटं राहिलेली असतात. सकाळी धुकं असतं, स्वेटर लागतो. कडेला टोमॅटोचे ढीग नीट रचून बाया बसलेल्या असतात, कोळशाची पोती लादलेल्या सायकली चढणीवर ढकलत नेणारी पोरं दिसतात, आणि मागच्या कॅरिअरवर गादी बसवलेल्या सायकल-टॅक्सी, तिथल्या बोलीत ‘कबाझा’, फाट्याफाट्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या असतात.

फाट्यांवर पाट्याही असतात. अमुक देशाच्या मदतीने विंधनविहीर, तमुक चर्चच्या देणगीतून शाळेची खोली, मधमाश्यापालन, शेळीवाटप, अनाथ मुलांचं केंद्र. काही पाट्या कोऱ्या करकरीत, काहींचा पत्रा गंजून अक्षरं गेलेली. १९६४मध्ये स्वतंत्र झाल्यापासून हा छोटा, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश परदेशी मदतीवर बराच विसंबून राहिला आहे. मदत करणाऱ्यांची तळमळ खोटी नसते. पण हातपंपाचा एक वायसर गेला की तो कुठे मिळतो हे गावात कुणाला ठाऊक नसतं, शेळ्या वाटून झाल्यावर त्यांच्या औषधपाण्याला कुणी फिरकत नाही, आणि तीन वर्षांचा निधी संपला की पाटी तेवढी मागे उरते. हे गाऱ्हाणं तिथल्या खेड्यांत पुन्हा पुन्हा कानावर येतं.

म्झुझूपासून जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या एक्वेंडेनीला मी निघाले होते ती वेगळ्या वळणाचं एक काम बघायला. या गावात स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणं मांडलं. चर्च, शाळा आणि रुग्णालय अशी त्याची वाढ होत गेली. रुग्णालय आजही चर्चच्या लिव्हिंगस्टोनिया सिनडचं आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांचा तोच आधार आहे. २०००मध्ये याच रुग्णालयातून ‘सॉइल्स, फूड अँड हेल्दी कम्युनिटीज’ हे काम सुरू झालं. माती, अन्न आणि निरोगी वस्त्या, या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याच्या नावातच आलं आहे.

सुरुवात झाली ती बालरुग्णांच्या खाटांपाशी. एस्तर लुपाफ्या या रुग्णालयातल्या परिचारिका. कुपोषित मुलं दाखल व्हायची, दूध आणि पूरक आहार मिळून त्यांचं वजन वाढायचं, ती घरी जायची आणि काही महिन्यांनी पुन्हा तशीच सुकून परत यायची. आयांना सांगितलं जायचं की मुलाला डाळी-शेंगा द्या, तेल द्या, अंडं द्या. त्या मान डोलवायच्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लुपाफ्या आणि तिथे संशोधनासाठी आलेली रेचल बेझ्नर केर ही कॅनडाची विद्यार्थिनी या मुलांच्या घरांचा माग काढू लागल्या. घरात काय शिजतं, शेतात काय पिकतं, पोतं कधी संपतं, खत कुठून येतं, हे सगळं त्यांनी विचारलं. घराघरांतून मिळालेलं उत्तर सारखंच होतं. शेतात मका होता आणि मक्याशिवाय जवळपास काही नव्हतं. तोही खताशिवाय गुडघ्याएवढा राहायचा.

याला कारण होतं. मलावीच्या सरकारी शेतीधोरणाने अनेक वर्षं संकरित मका आणि रासायनिक खत हीच जोडी उचलून धरली होती. आंतरराष्ट्रीय कर्जाच्या अटींपायी पुढे अनुदानं कापली गेली, १९९४मध्ये ‘क्वाचा’ हे चलन बाजारभावावर सोडलं गेलं, त्याची किंमत घसरली आणि बाहेरून येणारं खत गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं. मातीला मात्र तोवर खताची सवय लागली होती. शेताचा आकार पाहिला तर बहुतेक घरांकडे अडीच एकरांच्या आत जमीन, तीही कोरडवाहू आणि वर्षाला एकच पीक देणारी.

त्यातून जो फेरा सुरू होतो तो आपल्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. एप्रिल-मेमध्ये आलेला मका डिसेंबरच्या सुमाराला संपतो. जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने. नेमकी तेव्हाच शेतात खुरपणी असते. पण घरात दाणा नसल्यामुळे माणसं आपलं रान तणात सोडून दुसऱ्याच्या शेतावर ‘गन्यू’ करायला जातात, म्हणजे रोजच्या पिठापुरती मजुरी. स्वतःच्या शेतात त्यामुळे तण माजतं, पुढचा मका आणखी कमी येतो आणि पुढच्या वर्षी गन्यू आणखी लवकर सुरू होतं. २००१-०२मध्ये देशात दुष्काळ पडला, त्याआधी सरकारच्या राखीव साठ्यातला मका विकला गेलेला होता. शेकडो माणसं भुकेने आणि भुकेमागून आलेल्या आजारांनी गेली. एड्सची साथ तेव्हा ऐन भरात होती. कर्ती माणसं अंथरुणाला खिळलेली आणि नातवंडं आजीच्या पदरात, अशी घरं गावोगाव होती.

या परिस्थितीत रुग्णालयाला धान्य वाटता आलं असतं. पडत्या काळात ते करावंच लागतं आणि त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही. लुपाफ्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र सात गावांतल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून विचारलं, की खत विकत न घेता माती सुधारायची असेल तर काय काय करून बघता येईल? सिग्लिंडे स्नॅप या मृदाशास्त्रज्ञ मलावीत अशाच प्रयोगांवर काम करत होत्या. त्यांच्या अभ्यासातून शेंगवर्गीय पिकांचे पर्याय पुढे आले. गावांनी आपल्यातूनच काही बाया आणि पुरुष निवडले आणि त्यांचं शेतकरी संशोधन पथक तयार झालं. कुणी कोणता पर्याय आपल्या रानात लावायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. पथकाने नोंदी ठेवायच्या, शेजाऱ्यांना दाखवायचं आणि चुकलं तर का चुकलं ते सांगायचं.

पर्यायांमध्ये खाजकुयली होती, शरपुंखेच्या कुळातलं एक झुडूप होतं, भुईमूग, सोयाबीन आणि तूर होती. नुसत्या मातीच्या हिशेबाने पाहिलं तर पहिली दोन जोरकस. खाजकुयलीचा पाला मातीला भरपूर नत्र देतो. पण तिचं बी विषारी, तासन्‌तास उकळून पाणी बदलल्याशिवाय खाता येत नाही. सरपण आणि पाणी दोन्ही डोक्यावरून आणणाऱ्या बायकांनी ते बाजूला सारलं. ज्या पिकाचा पाला मातीला आणि दाणा लेकराला मिळेल, तेच त्यांना हवं होतं. त्यांनी निवडलेली जोडी होती भुईमुगात तूर, नाहीतर सोयाबीनमध्ये तूर. शास्त्रज्ञांच्या तक्त्यातला क्रम शेतकऱ्यांनी बदलला आणि शास्त्रज्ञांनी तो मान्य केला, या कामाचा मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग.

महामार्ग सोडून तांबड्या मातीच्या वाटेने आत गेल्यावर ती तूर दिसली. सगळं शिवार पिवळं पडलेलं असताना या ओळी तेवढ्या हिरव्यागार होत्या आणि शेंड्यांना पिवळी फुलं लागली होती. तुरीची ही चाल विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. पहिले दोन-तीन महिने ती कुरकुरत वाढते, शेजारच्या पिकाच्या वाटेला जात नाही. भुईमूग निघाला की मोकळ्या रानात अंग धरते, मुळं खोल सोडते आणि पाऊस संपल्यावरही खालच्या ओलीवर तग धरून फुलोऱ्यात येते. तोवर तिचा पाला गळून मातीत मिसळत असतो. एकाच वरंब्यावरून दोन शेंगपिकं मिळतात आणि पुढच्या हंगामात त्याच जागी मका घेतला की त्याला दोन्हींच्या मुळांचं आणि पाल्याचं नत्र मिळतं. स्नॅप, बेझ्नर केर आणि इतरांनी २०१०मध्ये मलावीतल्या मोठ्या प्रमाणावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा झुडूपवजा शेंगपिकांची फेरपालट केल्यास निम्म्या खतात मक्याचं तेवढंच उत्पन्न येतं आणि वर्षावर्षातला चढउतारही कमी होतो, असं त्यातून दिसलं.

शेतात एक बाई काम करत होत्या. वय साठीच्या आसपास, कमरेला निळ्या फुलांचं ‘चितेंजे’ कापड गुंडाळलेलं, पाय अनवाणी. मलावीतली बहुतेक शेती आजही हातातल्या कुदळीवर चालते. नांगर नाही, बैलही फार थोड्यांकडे. सरी-वरंबे कुदळीने ओढायचे. बाईंनी उपटून शेंगा तोडून घेतलेले भुईमुगाचे वेल सरीत ओळीने पसरले, वर मक्याची धाटं आडवी टाकली, मग अलीकडचा वरंबा मधोमध फोडून त्याची माती त्यावर ओढली. पलीकडच्या वरंब्याची अर्धी माती दुसऱ्या बाजूने आली. जिथे सरी होती तिथे नवा वरंबा उभा राहिला आणि पाला त्याच्या पोटात गेला. मग दोन पावलं पुढे, आणि पुन्हा तेच. माझ्या हाती त्यांनी कुदळ दिली. तिचा दांडा आखूड असतो, कंबरेतून पूर्ण वाकावं लागतं. माती अजून ओलसर होती. आणखी महिन्याभराने ती दगडासारखी होते, म्हणून हे काम काढणीनंतर लगेच उरकावं लागतं.

पूर्वी हा पाला जाळत, असं त्यांनी सांगितलं. जाळलं की रान स्वच्छ दिसतं, उंदीर पळतात आणि पेरणी सोपी जाते. पाला पुरायचा म्हणजे काढणीने थकलेल्या अंगाने आणखी एक मेहनत, आणि ती बहुतेक बाईच्याच वाट्याला. हे लपवण्यात अर्थ नाही. या कामाच्या स्वतःच्या अभ्यासांतही ही गोष्ट स्पष्ट नोंदलेली आहे, की नव्या पद्धतीने माती सुधारली तरी बायकांचे कष्ट आधी वाढले. शिवाय सोयाबीन चांगलं आलं की काही घरांत नवऱ्याने ते परस्पर विकलं आणि पैसे दारूत गेले. मूल तसंच राहिलं. उत्पन्न वाढलं की पोषण आपोआप सुधारतं हा समज एक्वेंडेनीच्या खेड्यांत लवकरच गळून पडला.

त्यानंतर या कामाने घेतलेलं वळण मला फार धीराचं वाटतं. शेतीच्या प्रकल्पाने थेट चुलीपर्यंत जायचं ठरवलं.

गावोगाव पाककृतीचे दिवस भरू लागले. झाडाखाली तीन दगडांच्या चुली मांडायच्या आणि सोयाबीन, भुईमूग, तूर, रताळी, भोपळ्याची पानं यांचं काय काय होऊ शकतं ते सगळ्यांनी मिळून करून बघायचं. अट अशी की पुरुषांनीही रांधायचं. मी पाहिलं त्या दिवशी चाळिशीतला एक धिप्पाड शेतकरी उखळात भाजलेले शेंगदाणे कुटत होता आणि त्याची बायको शेजारी उभी राहून, अजून बारीक, अजून बारीक, असं सांगत होती. एका पातेल्यात सोयाबीन उकळून साल काढण्यासाठी निवत ठेवलं होतं. कच्चं सोयाबीन पचत नाही, वासही उग्र, म्हणून ते आधी चांगलं उकळून किंवा भाजून घ्यावं लागतं. मग मक्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि शेंगदाण्याचा कूट यांची लापशी झाली. तिथली कार्यकर्ती पळी उचलून सगळ्यांना दाखवत होती. लापशी पळीवरून पाण्यासारखी ओघळली तर बाळाचं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, ती सावकाश गोळ्यागोळ्याने पडली पाहिजे. आधी मोठ्यांनी चाखली, मग मुलांच्या वाट्या पुढे आल्या. एका चिमुरडीने वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे केली, तेव्हा कूट कुटणाऱ्या त्या बाप्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

बाळाला काय द्यायचं हे या भागात आई ठरवत नाही, तिची सासू ठरवते. इथले तुंबुका लोक पितृवंशीय. वधूमूल्य देऊन मुलगी नवऱ्याच्या घरी येते आणि सासूच्या हाताखाली नांदते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला वनस्पतींचं पाणी किंवा पातळ पेज चाटवायची रीत आहे, आणि ती अगोगो, म्हणजे आजी, सांभाळते. आपल्याकडची बाळगुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यामागची माया कळेल, आणि पाणी अशुद्ध असलं तर काय होतं तेही कळेल. बहुतेक आरोग्य मोहिमा तरुण आयांना गाठून सल्ला देतात आणि आजीला अडाणी ठरवून मोकळ्या होतात. मग सून घरी जाऊन गप्प बसते. एक्वेंडेनीच्या लोकांनी आज्यांनाच बोलावलं, त्यांचं ऐकून घेतलं, त्यांच्या जाणतेपणाचा मान ठेवला. बेझ्नर केर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये या आज्यांच्या भूमिकेवर एक सविस्तर अभ्यासही प्रसिद्ध केला. शेती आणि आहार यांवर बोलणाऱ्या मंडळांत आजी, सासू, सून, नवरा असे सगळे एकत्र बसू लागले. ज्या आजीने पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध हे एकदा पटवून घेतलं, तिच्यापुढे मग साऱ्या वाडीत कुणाचं चालत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना इथे रजनीकांत आणि मेबल आरोळे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९७०मध्ये दवाखाना उघडायला गेलेल्या या डॉक्टर दांपत्यालाही लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं होतं, आणि त्यांनीही गावातल्या निरक्षर बायकांच्या हाती आरोग्याचं काम दिलं होतं. दोन्ही ठिकाणी आजाराचं मूळ खाटेपासून बरंच दूर सापडलं.

रुग्णालयाच्या आवारात पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी चालू होती. बाकांवर आयांची दाटी, पाठीला बांधलेली बाळं, खोकल्याचे आवाज. परिचारिका एकेका मुलाचा डावा दंड मोकळा करून त्याभोवती एक अरुंद पट्टी गुंडाळत होती. आपल्या अंगणवाड्यांत असते तीच ही पट्टी, हिरवी, पिवळी आणि लाल. खाचेत दिसणारा आकडा साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा. साडेअकराच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा सेंटिमीटर घेर म्हणजे केवढा दंड, हे आपल्या अंगठ्याची आणि तर्जनीची गोल कडी करून पाहावं. त्या सकाळी एका मुलाच्या दंडावर पिवळा रंग दिसला. त्याची आई परिचारिकेकडे बघत राहिली. परिचारिकेने तिला रागावून काही सांगितलं नाही, घरी कोण कोण आहे आणि शेत कुठे आहे हे विचारून घेतलं.

काम सात गावांवरून हजारो शेतकरी कुटुंबांपर्यंत गेलं. त्याचा परिणाम किती झाला, हे भाबडेपणाने सांगितलं जात नाही ही आणखी एक चांगली गोष्ट. सहा वर्षं लहान मुलांची वजनं आणि उंची मोजली गेली, तीन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. ज्या गावांत काम अधिक काळ आणि अधिक जोमाने चाललं, तिथल्या मुलांची वजनं सुधारलेली दिसली. एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. देशाचं चित्र पालटायला ते अर्थातच पुरत नाही. मलावीत २०००च्या सुमारास पाच वर्षांखालची निम्म्याच्या आसपास मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६च्या पाहणीत हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. सुधारणा झाली, तरी अजून तिघांत एकाहून जास्त मुलं वाढीत मागे आहेत.

अडचणी तर पावलोपावली. मलावीच्या दक्षिण भागात तूर जुनी आहे, उत्तरेला ती नवखी. उत्तरेत काढणी झाली की गुरं आणि शेळ्या मोकळ्या सोडण्याची रीत आहे. सगळं रान वाळलेलं आणि मध्येच हिरवी तूर, मग शेळ्या आणखी कुठे जाणार? एका शेतकऱ्याने कुंपण घालून भागत नाही, गावप्रमुखाने सगळ्यांना बसवून जनावरं कधी सोडायची ते ठरवावं लागतं. जिथे हा नियम झाला तिथे तूर टिकली, जिथे झाला नाही तिथे लोकांनी ती सोडून देऊन भुईमूग-सोयाबीनवर समाधान मानलं. बियाणं हाही प्रश्न. हंगाम बुडाला की घरात ठेवलेलं बी खाल्लं जातं, म्हणून गावाच्या पातळीवर बी साठवणं भाग पडतं. आणि आता पावसाचं तंत्र बिघडलं आहे. मार्च २०२३मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हजाराहून अधिक बळी घेतले, पाठोपाठच्या हंगामात एल निनोमुळे पाऊस ओढला आणि मार्च २०२४मध्ये २८पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली.

हवामानाचा हा फटका कुणामुळे बसतो हे इथल्या शेतकरी बायकांना नेमकं कळलेलं आहे. ब्वाब्वा गावच्या अनिता चिताया या एक्वेंडेनीच्या याच कामातून पुढे आलेल्या शेतकरी. पुरुषांना चुलीपाशी आणण्यात त्यांचा हातखंडा. राज पटेल आणि झॅक पायपर यांच्या २०२१च्या ‘द अँट्स अँड द ग्रासहॉपर’ या माहितीपटात त्या अमेरिकेला जातात आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी बसून त्यांना हवामानबदलाबद्दल विचारतात. मदत घेणाऱ्या देशातली बाई मदत देणाऱ्या देशाला जाब विचारते, असं दृश्य पडद्यावर क्वचितच बघायला मिळतं. २०२५च्या सुरुवातीला त्याच अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली आणि मलावीतले कित्येक आरोग्य प्रकल्प अचानक अडचणीत आले. शेतकऱ्यांच्या हातात बी आणि डोक्यात माहिती असलेलं काम अशा वेळी एकदम कोसळत नाही. पण रुग्णालयांना औषधं लागतात, आणि ती तुरीच्या शेतातून येत नाहीत हेही तितकंच खरं.

एक्वेंडेनीहून परतताना वाटेतल्या बाजारात तुरीचे दाणे शेराच्या डब्याने मापून विकायला ठेवले होते. ते पाहून आपल्या ताटाशी असलेलं नातं मनात आलं. वाशीच्या बाजारात नोव्हेंबरात येणारा मलावीचा हापूस मराठी वाचकाला माहीत असतो. तो कोकणातून नेलेल्या कलमांचा. मलावीची तूर मात्र त्याच्या ताटात कधी येऊन गेली हे त्याला कळतही नाही. दक्षिण मलावीतले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तूर घेतात आणि तिचं मोठं गिऱ्हाईक भारत आहे.

म्हणून २०१७ची आठवण इथे काढावीशी वाटते. त्या वर्षी महाराष्ट्रात तुरीचं अमाप पीक आलं होतं. खरेदी केंद्रांपुढे पोती घेऊन शेतकरी दिवसचे दिवस रांगेत उभे होते, बारदान संपलं म्हणून खरेदी थांबत होती, आणि बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला होता. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते आवश्यक होतं. पण तोवर मलावी आणि मोझांबिकमध्ये तूर काढणीला आली होती. भारत घेईल या भरवशावर जास्त पेरा केलेल्या तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरात माल पडून राहिला, भाव कोसळले. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला मार बसला आणि दोघांनाही तो पेरणी झाल्यानंतर कळला. २०२१मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला, तेव्हा कुठे थोडी निश्चिती आली.

मलावीतल्या गरीब खेड्यांसाठी काही करावं असं ज्या मराठी वाचकांना वाटतं, त्यांनी अशा कामांना जरूर पैसे पाठवावेत, आणि पाठवण्याआधी तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतः काय निवडलं आहे ते विचारावं. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट इथे बसून करता येईल. तूर किती आयात होणार, कधी होणार आणि कोणत्या शुल्काने होणार, हा निर्णय खरिपाच्या पेरणीआधी जाहीर व्हावा, अशी मागणी महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनांनी लावून धरावी. अकोल्याच्या शेतकऱ्याला अशा वेळेवरच्या निर्णयाची जितकी गरज आहे, तितकीच मलावीच्या शेतकऱ्यालाही आहे.